अकरा फायली आणि पाच पायांचा हत्ती

२० ऑक्टोबर, शनिवार

मंगळवारी आयुधपूजा. म्हणजे सोमवारपर्यंत सोसायटीचं ऑफिस लख्ख झालंच पाहिजे, आणि ते माझ्याशिवाय कोण करणार? बाकीच्यांची साफसफाई म्हणजे टेबलावरची धूळ खुर्चीवर आणि खुर्चीवरची जमिनीवर. आज कपाटं झाली. सुतळीची गुंडाळी एक, फुटके धोटे तीन, शाईच्या वाळलेल्या बाटल्या सात, मेलेला उंदीर एक. सगळं टाकलं आणि नेहमीप्रमाणे इथे नोंद केली. एकतीस वर्षं विणकर सोसायटीत कारकुनी केली, टाकलेल्या टाचणीचीही नोंद झाल्याशिवाय मला चैन पडत नाही. मंगळम म्हणते, "मी गेले तर माझीही नोंद कराल, बायको एक, जुनी." तिला सगळ्याची थट्टा.

दुपारी पच्चैयम्मा आली. तिच्या तेनमोळीचं लग्न अठरा नोव्हेंबरला आहे. बावीस वर्षं या बाईने दुसऱ्यांच्या लेकींचे शालू विणले, आता पहिल्यांदा स्वतःच्या लेकीचा विणते आहे. अंग होत आलंय, राहिला पदर. त्या पदराची नक्षी आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आहे. तिच्या नवऱ्यानेच काढली. दुरैकण्णू आमचा नक्षीकार, जूनमध्ये गेला. शेवटचे चार महिने रोज येऊन खोकत खोकत तेवढं एकच काम करायचा. आता ती नक्षी पेनड्राइव्हवर उतरवायची, पेनड्राइव्ह मागावरच्या पेटीत घालायचा, मग पेटी सांगेल तसे धागे उचलले जातात आणि पच्चैयम्मा धोटा मारते.

"अण्णा, दसऱ्याच्या मुहूर्तावर काढून द्या," म्हणाली. "मी अजून बघितलेला नाही तो पदर. विणताना बघ, हे म्हणायचे."

मी शब्द दिला.

मी बघितलाय. उत्तम आहे. फक्त खालच्या रांगेतल्या एका हत्तीला पाच पाय झालेत. आजारी माणसाच्या हातून व्हायचंच. उतरवताना तेवढा जादाचा पाय मी खोडून टाकीन, तिला कशाला सांगायचं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

आज कॉम्प्युटरची पाळी. बाहेरून सगळेच पुसतात. हार घालतात, कुंकू लावतात, आत मात्र दहा वर्षांचा उकिरडा. या वर्षी ठरवलंच होतं की आतूनही स्वच्छ करायचं. लपवलेल्या फायली दाखवण्याची एक सोय असते. ती सुरू केली तर काय काय बाहेर आलं, देवा रे. दार उघडताच उंबऱ्यात तीन फायली पडलेल्या. एकीचं नाव एनटीएलडीआर. हे काय नाव झालं? उच्चारताही येत नाही. दुसरी एनटीडिटेक्ट, तिसरी बूट. तिन्ही काढल्या.

मग नक्षीच्या प्रोग्रामचं कपाट उघडलं. त्यात अकरा फायली अशा की दुहेरी टिचकी मारली तरी उघडत नाहीत. सगळ्यांच्या शेपटीला डीएलएल. तारखा बघितल्या तर दहा वर्षं कोणी हात लावलेला नाही. ज्या वस्तूला दहा वर्षं हात लागत नाही ती अडगळ, हा माझा साधा नियम. काढल्या. अकराही नावं पूर्ण उतरवून मागच्या पानावर लिहिली आहेत. नंतर कचरापेटी रिकामी केली आणि शेवटी सगळी डिस्क नीट रचून घेतली. त्याचीही सोय असते. तीन तास लागले, मधे भारनियमन झालं, पण बॅटरीने तग धरला. कॉम्प्युटर शेवटपर्यंत व्यवस्थित चालू होता. बंद करताना मला तो हलका झाल्यासारखा वाटला.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

आयुधपूजा झकास झाली. कॉम्प्युटरला शेवंतीचा हार मीच घातला, पडद्यावर चंदनाची तीन बोटं. दुरैकण्णूची मोजपट्टीही मांडली. आज कशालाही हात लावायचा नाही. प्रसादाच्या हरभऱ्यांचं सुंडल जरा खारट झालं होतं. चुरमुरे पुरले. कोहळा फोडला.

२४ ऑक्टोबर, बुधवार

साडेनऊचा मुहूर्त. पच्चैयम्मा नवी साडी नेसून, पानसुपारीचं तबक घेऊन आली होती. मी बटण दाबलं. काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. कसल्याशा अवघड नावाची फाइल सापडत नाही, पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच ओळ. बारा वेळा केलं.

पच्चैयम्मा तबक घेऊन उभीच होती. "राहू दे अण्णा, उद्या," म्हणाली आणि तबक माझ्या टेबलावर ठेवून गेली.

ऐन दसऱ्याला. कोणाची तरी दृष्ट लागली.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

कॉम्प्युटर आजारी पडण्याची कारणं मी काढली आहेत. पहिलं, भारनियमन. दिवसाला दहा-बारा तास वीज नाही, कुठलं यंत्र टिकेल? दुसरं, चंदन पातळ झालं होतं, आत झिरपलं असणार. चंदन मंगळमने उगाळलं होतं. तिला तसं बोललो तर म्हणाली, "हो, आणि मागच्या वर्षीचा दुष्काळही माझ्याच सहाणेतून आला."

बसस्टँडजवळ शेन्बगम कॉम्प्युटर दुरुस्त करते, तिला बोलावलं. पस्तिशीची बाई आहे, बोलणं फटकळ. हार काढून बाजूला ठेवला आणि विचारलं, "सर, यातलं कोणी काही पुसलं का?"

"या कॉम्प्युटरला माझ्याशिवाय कोणाचाही हात लागत नाही," मी ठणकावून सांगितलं.

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं." मग डिस्क काढून घेऊन गेली. म्हणे आधी सगळ्या डिस्कची नक्कल करायची आणि मगच हात लावायचा. एका साध्या दुरुस्तीसाठी एवढा घोळ. या लोकांना वेळ काढायला निमित्त हवं असतं.

२७ ऑक्टोबर, शनिवार

चालू झाला. शेन्बगमने मूळ सीडीवरून उंबऱ्यातल्या कसल्याशा तीन फायली परत घातल्या आणि दहा मिनिटांत पडद्यावर निळं आकाश, हिरवी टेकडी, सगळं जागच्या जागी. मी ऑफिसभर जिलेबी वाटली. पच्चैयम्माला निरोपही धाडला.

मग नक्षीचा प्रोग्राम उघडायला गेलो. एक चौकट आली. अमुक डीएलएल सापडत नाही. जिलेबी तोंडातच राहिली.

शेन्बगम म्हणाली, "हे सीडीवर मिळणार नाही. हे त्या प्रोग्रामचं आहे. ज्यांनी विकला त्यांना विचारा."

ज्यांनी विकला त्यांचं दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली. आणि दुरैकण्णूची नक्षी त्याच प्रोग्राममध्ये उघडते, दुसऱ्या कशात नाही. फाइल आहे, दिसते आहे, नाव आहे 'तेनमोळी'. उघडत मात्र नाही.

३० ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवस तेच. शेन्बगमने इंटरनेटवरून त्याच नावाची फाइल शोधून आणली. घातली, तर आता म्हणतो फाइल बिघडलेली आहे. ती काढली. दुसरीकडून दुसरी आणली, तर भलतीच फाइल सापडत नाही म्हणतो. "एक दिली की हा दुसरी मागतो," शेन्बगम म्हणाली. "एकूण किती नाहीत हेच कळत नाही. अंधारात सुई शोधतेय मी, आणि सुया किती ते माहीत नाही."

पुसलेलं परत मिळवण्याचाही एक उपाय तिने करून बघितला. तो जमला नाही. "पुसलेल्या जागेवर नंतर दुसरं काही बसलं नसेल तर मिळतं," म्हणाली. "इथे कोणीतरी सगळी डिस्क हलवून नीट रचून ठेवली आहे."

निदान डिस्क नीट रचलेली आहे, हे तिने मान्य केलं.

१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पच्चैयम्माकडे गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेलो. मागावर शालू तसाच ताणलेला, आंब्याच्या कोवळ्या पानाचा रंग, काठ लाल. जिथे पदर सुरू व्हायचा तिथे धागे मोकळे. वर तिने धूळ बसू नये म्हणून जुनं धोतर पसरलं होतं. दुरैकण्णूचंच असावं.

तेनमोळी म्हणाली, "मामा, साधा पट्ट्यांचा पदर चालेल मला. आईला तुम्हीच समजवा."

पच्चैयम्मा आतून म्हणाली, "तुला चालेल. मला नाही चालणार." मग बाहेर आली, मला ताक दिलं आणि शांतपणे बोलली. "अण्णा, ते गेल्यावर मी रडत बसले नाही, कारण मनात होतं की पदर विणायचाय. रोज चार बोटं विणत त्यांच्यापाशी बसायचं, असं ठरवलं होतं. दुसरं काही नको होतं मला."

मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

लग्नाला सतरा दिवस. पदर विणायला निदान पाच दिवस लागतात.

३ नोव्हेंबर, शनिवार

वीजमंडळाला खरमरीत तक्रार लिहायला बसलो. कोणत्या दिवशी किती वाजता वीज गेली ते इथे लिहिलेलं असतं, म्हणून मागची पानं चाळली.

बावीस तारीख वाचली.

पुन्हा वाचली. उंबऱ्यातल्या तीन फायली. अकरा डीएलएल. सापडत नाही म्हणून पहिल्या दिवशी पडद्यावर जे नाव आलं होतं, ते माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत.

गुन्हेगार सापडला. कारकून एक, जुना.

४ नोव्हेंबर, रविवार

खरं लिहितो, कारण इथे तरी खोटं कशाला. काल संध्याकाळी ते बावीस तारखेचं पान फाडायचा विचार मनात आला. भारनियमनावर सगळ्यांचा विश्वास बसलेला आहे. पान फाडलं की झालं. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार, हारतुरे होणार. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक कागद हरवला नाही, हे अध्यक्ष दर सभेत सांगतात.

पान बोटांत धरलंही होतं. तेवढ्यात मंगळम चहा घेऊन आली. तोंड बघून विचारलं, "काय झालं?" मी वही तिच्यापुढे केली. तिने वाचली, चहा ठेवला, माझ्याजवळ बसली. मला वाटलं आता चंदनाचा हिशेब चुकता करणार. पण म्हणाली, "अहो, मग आता नावं आहेत ना आपल्याकडे? त्या पोरीला सुयांची संख्या हवी होती."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी आपला माझ्या अब्रूला कवटाळून बसलेलो.

तसाच शेन्बगमकडे गेलो. घरी होती, केस वाळवत. वही पुढे धरली. तिने अकरा नावं वाचली आणि पायरीवर बसून पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "सर, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ज्या आवाजात सांगितलंत, त्यानंतर कोण बोलणार? पण पुसणारा यादी करून पुसतो हे मी आजवर पाहिलं नव्हतं. ही यादी सोनं आहे, सर. आता फक्त हाच प्रोग्राम, त्याच वर्षीचा, चालू असलेली जागा सांगा."

अशी जागा एकच आहे. कांचीपुरमची विणकर सोसायटी. दोघांनी एकाच महिन्यात, एकाच माणसाकडून घेतला होता. आणि तिथला नक्षीकार इळंगोवन.

अकरा वर्षांपूर्वी भर सभेत मी इळंगोवनला चोर म्हणालो होतो. आमचा कोयरीचा काठ त्याने उचलला, असं माझं म्हणणं होतं. अजूनही आहे.

६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळची बस, शेन्बगम बरोबर. वाटभर ती झोपली आणि मी वाक्यं जुळवत बसलो. एकही जुळलं नाही.

इळंगोवनने दारातच ओळखलं. "या, या. चोराच्या घरचा चहा चालतो का?"

मी म्हणालो, "चालतो. मी काम घेऊन आलोय."

त्याने खुर्ची दिली आणि तासभर बसवून ठेवलं. माझ्यासमोर दोन माणसांशी गप्पा मारल्या, पेपर वाचला. शेन्बगम मला कोपराने ढोसत होती. शेवटी मी उठलो, वही उघडून त्याच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. साफसफाई, अकरा फायली, भारनियमनावर ढकललं ते, पान फाडायला निघालो तेही. आजूबाजूची माणसं ऐकत होती. ऐकू देत म्हटलं.

इळंगोवन खो खो हसला. "वरदप्पन कारकुनाने स्वतःच्या हाताने? परत एकदा सांगा."

परत सांगितलं.

"आणि अडलंय काय?"

"दुरैकण्णूने लेकीसाठी काढलेला पदर."

त्याचं हसू तिथेच थांबलं. खुर्ची मागे सरकवून उठला. "हे आधी सांगायचं ना. तासभर मी इथे पेपर वाचतोय." कॉम्प्युटरकडे जाता जाता म्हणाला, "दुरैकण्णू दर पोंगलला यायचा माझ्याकडे. तो कोयरीचा काठ आम्ही दोघांनी मिळून काढला होता."

"मला कधी बोलला नाही."

"बोलला असता तर तुम्ही लिहून ठेवलं असतं."

मग मी एकेक नाव वाचत गेलो आणि तो एकेक फाइल शोधत गेला. अकराच्या अकरा मिळाल्या. शेन्बगमने त्या दोन पेनड्राइव्हवर घेतल्या, दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या. इळंगोवनने बसपर्यंत सोडलं आणि इडलीची पुडी हातात दिली. अकरा वर्षांपूर्वीचं माझं बोलणं मी परत घेतलं. तो म्हणाला, "वहीत लिहा." हे लिहिलं.

७ नोव्हेंबर, बुधवार

आज वीज जायच्या आत, सकाळी आठलाच बसलो. शेन्बगमने पुन्हा आधी नक्कल केली. या वेळी मी काही बोललो नाही. मग अकरा फायली जागेवर ठेवल्या. मी यादीवर एकेक खूण करत होतो. प्रोग्रामवर टिचकी मारली. क्षणभर काहीच नाही. मग खिडकी उघडली. चौकट नाही, तक्रार नाही. 'तेनमोळी' उघडली.

आणि पदर आला. वरून खालपर्यंत, सगळा. मधे कमळं, त्याभोवती वेल, कडेने धोट्यांची नागमोडी रांग, खाली हत्ती. शेन्बगमने टेबलावर थाप मारली. मी खुर्चीतून उठलो आणि काय करावं ते सुचेना म्हणून तिला नमस्कार केला. ती म्हणाली, "सर, बसा, चक्कर येईल." माझे डोळे वाहत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पेनड्राइव्हवर उतरवायच्या आधी तो हत्ती दिसला. रांगेतला सातवा. पाच पाय. हात सवयीने माउसकडे गेला, एक पाय खोडायला किती वेळ लागतो?

हात मागे घेतला. ज्याचा उपयोग मला कळत नाही ते काढायचं नाही, एवढं तरी या पंधरा दिवसांत शिकलोय. पच्चैयम्माला बोलावून घेतलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ही चूक आहे का, बघ. तू सांगशील तसं करतो."

ती बघत राहिली. मग स्वतःच्या साडीचा पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती, आणि रडतही होती.

"अण्णा, तेनमोळी चार वर्षांची असताना कोळशाने भिंतीवर हत्ती काढला होता. पाच पायांचा. हे म्हणाले, चार असतात गं. तर ही म्हणाली, अप्पा, एक थकला तर? आम्ही घराला चुना दिला तेव्हा तेवढ्या भिंतीला यांनी लावू दिला नाही, दोन वर्षं."

वीस ऑक्टोबरला या वहीत काय लिहिलंय ते मला आठवत होतं. दसऱ्याला कॉम्प्युटर सुरू झाला असता तर तो पाय मी त्याच दिवशी खोडला असता.

आहे तसा उतरवून दिला.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

दीपावली. पहाटे तेल लावून अंघोळ झाली, आणि मंगळम म्हणाली आधी तिकडे जाऊ. पच्चैयम्माचा पदर कालच मागावरून उतरला. पाच दिवस ती रोज पहाटेपासून बसायची. शेजारणी म्हणतात, विणताना एकटीच बोलायची, मधेच हसायची. आज शालू आम्हा दोघांच्या मांडीवर पसरला. सातवा हत्ती जरीत फार देखणा दिसतो. मंगळमने त्याचे पाय मोजले आणि माझ्याकडे बघून गप्प राहिली, हे विशेष.

शेन्बगमने कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली आहे. 'पूजा बाहेरून करावी.' काढून टाकणार नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

लग्न लागलं. इळंगोवन कांचीपुरमहून सहकुटुंब आला होता. जेवताना माझ्या शेजारी बसला आणि प्रत्येकाला माझी गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी फायलींची संख्या वाढत होती. शेवटी मीच म्हणालो, "अकरा. लेखी आहे." अध्यक्षांनाही मी गुरुवारीच सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, निवृत्तीच्या भाषणात हेच सांगेन, कागदाचं फार झालं.

तेनमोळी मांडवात आली तेव्हा पच्चैयम्मा माझ्या पुढेच उभी होती. डोळे कोरडे, मान ताठ. पदर पाठीवर असा पसरला होता की शेवटच्या बाकावरूनही हत्ती दिसावेत.

नवरदेवाची आत्या जरा चिकित्सक. माझ्यासारखीच म्हणायची. वाकून पदर निरखला, बोटाने मोजलं आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, विणताना चुकलंय वाटतं. या हत्तीला एक पाय जास्त आहे. उसवून घेता येईल."

सगळे बघायला लागले. तेनमोळी बोलायच्या आत, पच्चैयम्मा बोलायच्या आत मीच पुढे झालो.

"चुकलेलं नाही, ताई," मी म्हणालो. "तो असाच आहे. हात लावू नका."